लिलावात नाव घालण्याआधी



शेतातून आत्ताच घरी आलेल्या, चुलीजवळ बसून रेडिओ ऐकणाऱ्या, पाणी भरता भरता कान इकडे लावलेल्या सगळ्या ताई, माई आणि मोठ्या मायांना धरणगाव तालुक्यातल्या आमच्या बचत गटाचा राम राम. आज बोलायची पाळी आमची आहे. आम्ही पापड-बिबड्यांवर बोलणार नाही आणि कापसाच्या भावावरही नाही. आम्ही बोलणार आहोत खेळावर. हसू नका. खेळाचा विषय आमच्या गटात कर्जाच्या वाटेनं आला, म्हणून तो तुमच्याही कामाचा आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाची वेचणी जोरात होती, त्यामुळे बैठक रात्री आठला, मारुतीच्या पारावर. हप्ते जमा झाले, वहीत लिहिले गेले, आणि मग आमच्यातल्या एका ताईंनी कर्ज मागितलं. एक लाख वीस हजार. आमच्या गटात एवढी रक्कम आजवर कोणी मागितली नव्हती. म्हैस घ्यायला तीस-चाळीस हजार, शिलाई मशीनला दहा, कोणाच्या दवाखान्याला वीस, असं आमचं चालतं. आम्ही विचारलं, "कशाला हवेत ओ ताई?" त्या म्हणाल्या, "लेकीला क्रिकेटच्या लिलावात नाव घालायचंय."

आमच्या गटात सगळ्यात वडील असलेल्या मोठी माय एकदम म्हणाल्या, "माय वं! पोरीस्ना लिलाव व्हस का?" त्यांना वाटलं, बाजार समितीत कपाशीचा होतो तसला काहीतरी प्रकार असेल. आम्ही हसलो, पण खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींनाही तो लिलाव नेमका काय असतो हे ठाऊक नव्हतं.

ती पोरगी आम्ही लहानपणापासून बघतोय. कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असताना भाला फेकायची, आता क्रिकेटमध्ये वेगानं बॉल टाकते. गावात मुलींचा संघ नाही, म्हणून पोरांच्यात खेळते, आणि पोरं तिच्या बॉलला बिचकतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. दोन नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा सगळी गल्ली त्यांच्याच घरात टीव्हीपुढे बसली होती. त्यानंतर काही दिवसांत बाहेरगावच्या कुठल्याशा खासगी अकादमीचा एक माणूस आला. म्हणाला, पोरीत दम आहे. कॉलेज सोडा, तीन महिने आमच्याकडे ठेवा, एक लाख वीस हजार भरा, लिलावाच्या यादीत नाव आम्ही घालतो. एकदा नाव लागलं की कमीत कमी दहा लाख.

दहा लाख हा आकडा ऐकला की कोणाचंही मन हलतं, आमचंही हललं. पण वहीतला पैसा सगळ्या बायांचा असतो. म्हणून आम्ही त्या रात्री हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पंधरा दिवस मागून घेतले. त्या पंधरा दिवसांत कॉलेजच्या खेळाच्या सरांना विचारलं, उपकेंद्राच्या नर्सताईंना विचारलं, शिकलेल्या पोरापोरींकडून वाचून घेतलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतोय.

आधी लिलाव म्हणजे काय ते बघू.

मुलींच्या क्रिकेटची मोठी स्पर्धा, महिला प्रीमियर लीग, २०२३ साली सुरू झाली. पाच संघ. प्रत्येक संघाला खेळाडू घ्यायला बारा कोटी रुपये खर्च करायची मुभा. १३ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत पहिला लिलाव झाला. प्रत्येक खेळाडूची एक मूळ किंमत ठरलेली असते. जी देशाकडून खेळलेली नाही तिची दहा किंवा वीस लाख, जी खेळलेली आहे तिची तीस, चाळीस किंवा पन्नास लाख. नाव पुकारतात, ज्या संघाला हवी तो पाटी वर करतो, दोघांना हवी असली की बोली चढते. पोरगी विकली जात नाही. तिनं त्या संघाकडून खेळावं म्हणून तिला किती मानधन द्यायचं, ते तिथं ठरतं. हे ऐकल्यावर मोठी मायांचा जीव भांड्यात पडला.

पण खरी गोष्ट पुढं आहे. त्या पहिल्या लिलावासाठी नावं आली होती १,५२५. त्यातून चाळणी लावून यादी केली ४०९ जणींची, आणि त्यात परदेशातल्या मुलीही होत्या. शेवटी संघात घेतल्या गेल्या ८७. म्हणजे साडेसतरा जणींमागे एक. यादीत नाव आलेल्यांपैकीही ३२२ जणी त्या दिवशी रिकाम्या हातानं उठल्या. त्यांच्यात देशोदेशीच्या संघांतून खेळलेल्या मुलीसुद्धा होत्या.

तो माणूस म्हणाला होता, यादीत नाव म्हणजे दहा लाख. तसं नाही. नाव पुकारलं गेलं आणि कोणीच पाटी वर केली नाही, तर हातात काही पडत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर बाजार समितीत गाडी उभी राहिली म्हणजे माल विकला गेला असं होत नाही.

आता ज्या ८७ जणी घेतल्या गेल्या, त्या कशाच्या जोरावर?

सगळ्यात जास्त बोली लागली आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला, तीन कोटी चाळीस लाख. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तोच आकडा होता. पण स्मृती भारताकडून पहिल्यांदा खेळली २०१३ साली. म्हणजे त्या आकड्यामागे देशाकडून खेळलेली दहा वर्षं होती, आणि त्याच्याही मागे महाराष्ट्राच्या लहान वयोगटांच्या संघांतून घालवलेलं सगळं बालपण. नऊ वर्षांची असताना ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात होती. आपण बोलीचा आकडा बघतो, त्याच्या मागची वर्षं बघत नाही.

तुम्ही म्हणाल, स्मृतीची गोष्ट वेगळी, ती लहानपणापासून खेळली. मग दुसरी ऐका. सोलापूर जिल्ह्यात मिरे नावाचं गाव आहे. तिथली किरण नवगिरे, शेतकऱ्याची लेक. ही मूळची मैदानी खेळाची. भाला, गोळाफेक, धावणं. विद्यापीठापर्यंत ती त्यातच खेळली. क्रिकेटकडे वळली उशिरा, कॉलेजच्या वयात. आपल्या ताईंच्या लेकीसारखीच भाल्यातून आली. म्हणून तिची गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा वाचून घेतली.

२०२१-२२ च्या मोसमात किरण आपलं राज्य सोडून लांब नागालँडच्या संघाकडून खेळली. एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिनं ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. वीस ओव्हरच्या सामन्यात दीडशेच्या पुढं जाणारी ती पहिली भारतीय, पुरुष आणि बायका दोन्ही धरून. पुढच्याच महिन्यात पुण्यातल्या एका मोठ्या सामन्यात तिनं २५ चेंडूंत अर्धशतक केलं. सप्टेंबरमध्ये भारताच्या संघात आली, पण तिथं काही तिची बॅट चालली नाही. आणि मग फेब्रुवारी २०२३ च्या लिलावात तीस लाखांना तिला उत्तर प्रदेशच्या संघानं घेतलं.

तेव्हा किरणचं वय होतं अठ्ठावीस. अठ्ठाविसाव्या वर्षी आपल्याकडे पोरीला दोन लेकरं असतात आणि आपण म्हणतो, आता तिचं काय व्हायचं राहिलं? पहिल्या सामन्यात ती उतरली तेव्हा तिच्या बॅटवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. धोनी तिचा आवडता, म्हणून तिनं पेनानं त्याच्या नावाची अक्षरं आणि सात नंबर लिहिला होता. त्या सामन्यात तिनं ५३ धावा केल्या. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं. बायकांच्या वीस ओव्हरच्या क्रिकेटमधलं ते जगातलं सगळ्यात वेगवान शतक ठरलं. तेव्हा ती एकतिशीत होती.

ही गोष्ट आम्ही बैठकीत सांगितली, तेव्हा ताईंच्या लेकीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "म्हणजे मला अजून नऊ वर्षं आहेत." आम्ही म्हटलं, "हो बेटा. मग तीन महिन्यांची घाई कोणाला आहे? तुला, की त्या माणसाला?"

बाहेरच्या देशात काय चालतं तेही थोडं बघितलं. अमेरिकेत बास्केटबॉल फार मोठा खेळ. तिथं बोली लागत नाही, पाळीपाळीनं निवड होते. सगळे संघ ओळीनं एकेक खेळाडू निवडतात, आणि कच्च्या संघांना आधी पाळी मिळते. बहुतेक खेळाडू कॉलेजच्या संघातून येतात. म्हणून तिथं दरवर्षी घरोघर हाच प्रश्न असतो: पोर आता तयार आहे, की अजून एक वर्ष कॉलेजात खेळू द्यावं? मुलांना शाळा संपल्यावर एका वर्षानं नाव देता येतं. पण तिथल्या मुलींना नियम कडक आहे. त्या वर्षात बावीस पूर्ण व्हायला पाहिजेत, नाहीतर कॉलेजची चार वर्षं झालेली पाहिजेत. केटलिन क्लार्क म्हणून तिथली गाजलेली खेळाडू आहे. ती चार वर्षं कॉलेजकडून खेळली, २०२४ साली नाव दिलं, आणि सगळ्यांत पहिली निवडली गेली.

तिथंही निवड झाली म्हणजे जागा पक्की नसते. २०२४ पर्यंत मुलींचे बारा संघ होते, एका संघात जास्तीत जास्त बारा जणी. म्हणजे सगळ्या अमेरिकेत मिळून जागा १४४. दरवर्षी नव्या ३६ जणी निवडल्या जायच्या, आणि त्यातल्या कितीतरी सराव शिबिरातूनच घरी परत जायच्या. आपल्या पंजाबातला सतनाम सिंग, शेतकऱ्याचा सात फुटांहून उंच पोरगा, २०१५ साली तिथल्या पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. एकोणीस वर्षांचा होता. सगळ्या देशानं पेढे वाटले. पण त्या मोठ्या लीगचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. त्याची मेहनत खोटी नव्हती. निवड हे दार आहे, आतलं घर पुढं असतं, एवढंच आम्ही त्यातून घेतलं.

आणि आपल्या मातीतला खो-खो बघा. २०२२ साली खो-खोची मोठी लीग पुण्यात झाली. तिथंही अमेरिकेसारखी पाळीपाळीची निवड होती. खेळाडूंचे चार गट पाडले होते, वरच्या गटाला पाच लाख. गावाकडच्या पोरांना त्यातून चार पैसे मिळाले, आनंदच आहे. पण त्या लीगमध्ये मुली नव्हत्या. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या कप्तानीखाली भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० नं हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. जग जिंकण्याइतकी पोरगी तयार असली, तरी तिच्यासाठी दार बांधलेलं असेलच असं नाही. म्हणून एकाच दारावर सगळा संसार टाकू नये.

आता मुद्द्याचं. पोरगी तयार आहे की नाही, हे आपण घरच्या बायांनी कसं ओळखायचं? आपल्याला क्रिकेट कळत नाही, पण प्रश्न विचारता येतात. आम्ही पाच प्रश्न काढले. वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न: ती आजवर कोणासमोर खेळली? गावच्या मैदानावर पहिली येणं वेगळं आणि तालुक्यात, जिल्ह्यात, राज्यात येणं वेगळं. खेळाच्या सरांनी आम्हाला पायऱ्या सांगितल्या. कॉलेज, मग विद्यापीठाचा संघ. दुसरीकडे जिल्हा संघटनेची निवड चाचणी, मग राज्याची. जळगाव आणि धुळे जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतात, तिचं मुख्य ठिकाण पुणे. एकोणीस वर्षांखालचा, तेवीस वर्षांखालचा आणि मोठ्या बायांचा, असे मुलींचे राज्याचे संघ असतात. त्या संघटनेनं २०२५ मध्ये मुलींच्या चार संघांची स्वतःची लीगही भरवली. मोठ्या लिलावाच्या लोकांची नजर या पायऱ्यांवर असते. एकही पायरी न चढलेली पोरगी एखादा माणूस थेट माडीवर नेऊन ठेवतो म्हणत असेल, तर तिथंच थांबा.

दुसरा प्रश्न: तिच्या अंगात ताकद आहे का? यावर जरा जास्त बोलतो, कारण हे काम सरांचं नाही, आपलं आहे. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. पोरगी दमते, चिडते, तोंड फिकं दिसतं, आणि आपण म्हणतो आळशी झाली. आम्ही ताईंच्या लेकीला उपकेंद्रात नेलं. हिमोग्लोबिन निघालं ९.८. बारा पाहिजे. नर्सताई म्हणाल्या, "एवढ्या रक्तावर ही पळते कशी?" तेव्हा पोरगी हळूच बोलली, "चौथ्या ओव्हरला डोळ्यांपुढं अंधारी येते, पण सांगितलं तर खेळू देणार नाही म्हणून सांगत नव्हते."

मैत्रिणींनो, हे ऐकून आम्हाला रडू आलं. सगळ्या गावाच्या तोंडी तिच्या बॉलचं कौतुक, पण तिच्या ताटात काय आहे ते कोणी बघितलं नव्हतं. घरात भाऊ आणि बापाला आधी वाढायचं, उरलं ते पोरीला, हे तर आपण सगळ्याच करतो. नर्सताईंनी गोळ्या दिल्या. गोळीबरोबर लिंबू घ्यायचं आणि आगेमागे चहा नको, हेही सांगितलं. आम्ही ठरवलं की बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, मेथी, शेवग्याचा पाला, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, आणि चालत असेल त्या घरी अंडं, हे खेळणाऱ्या पोरीच्या ताटात रोज पडलं पाहिजे. महागडे डबे लागत नाहीत.

अजून दोन गोष्टी. सराव वाढला, जेवण तेवढंच राहिलं आणि पाळी थांबली किंवा लांबली, तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणू नका. शरीर सांगतंय की घातलेलं पुरत नाही. दवाखान्यात दाखवा. आणि गुडघ्याची मोठी दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. उडी मारून खाली कसं उतरायचं, मांड्यांची ताकद कशी वाढवायची, हे शिकवणारा माणूस आहे का, ते विचारा. पायात भावाचे जुने बूट असतील तर आधी बूट घ्या.

तिसरा प्रश्न: शिक्षण सुटतंय का? तो माणूस म्हणाला होता कॉलेज सोडा. आम्ही म्हणतो, ज्याला पोरीचं भलं पाहिजे तो असं म्हणणार नाही. आपल्या महाराष्ट्रात सरकारी नोकरीत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पण त्या पदाला लागणारं शिक्षण तर पूर्ण हवंच, वर स्पर्धेचं खरं प्रमाणपत्रही हवं, आणि ते तपासलं जातं. बनावट प्रमाणपत्रं विकत घेऊन फसलेली पोरं आहेत. तेव्हा प्रत्येक सामन्याचं, प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा, सातबाऱ्याजवळ. लिलाव झाला नाही तरी तो कागद आणि पदवी पोरीला भाकरी देऊ शकते.

चौथा प्रश्न: पैसा कोण कोणाला देतोय, आणि कागद काय आहे? सराव शिकवायची फी असू शकते, त्यात वावगं नाही. पण निवड करून देतो म्हणून जो पैसे मागतो, तो फसवतो. आम्ही त्या माणसाला फोन केला. तीनच गोष्टी विचारल्या. पावती कोणत्या नावानं देणार? निवड झाली नाही तर पैसे परत, असं लिहून देणार का? आणि राज्य संघटनेतल्या कोणत्या माणसाशी बोलायचं? तो म्हणाला, "तुम्हा बायांना यातलं कळत नाही, घरच्या पुरुषाला फोन द्या." आम्ही म्हटलं, "कर्ज बायांचं आहे, बोलायचं आमच्याशी." त्यानंतर त्यानं आमचा फोन उचलला नाही.

कधी खरोखर करार हातात आला, तर पोरगी अठराची झालेली असेल तिथं सही तिचीच हवी. सहीआधी वकिलाला किंवा सरांना दाखवायचा. पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यात यायला हवेत, मामा-काकाच्या नाही.

पाचवा प्रश्न: ती कुठं राहणार, आणि काही वाईट झालं तर कोणाला सांगणार? लाजून चालत नाही. शिकवणारं कोण, वसतिगृहात बाई आहे का, सामन्याला जाताना बरोबर कोण असतं, हे तोंडावर विचारायचं. कामाच्या ठिकाणी बायांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली जो कायदा झाला, त्यात खेळाची संस्था आणि मैदानही येतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रार समिती असलीच पाहिजे. नसेल तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आणि त्याहून मोठं म्हणजे, पोरीला ठाऊक असावं की आईला सांगितलं तर आई खेळ बंद करणार नाही. खेळ बंद होईल या भीतीनंच पोरी गप्प बसतात. आमच्या पोरीनं तर नुसती अंधारी लपवली होती.

आता तुम्ही विचाराल, कर्जाचं काय केलं?

एक लाख वीस हजार आम्ही दिले नाहीत. ताई रागावल्या. भर बैठकीत म्हणाल्या, "तुमच्या लेकी असत्या तर दिले असते. माझ्या पोरीच्या वाटेत तुम्ही आडव्या आल्या." आमच्यातल्या दोघींना वाटलं, द्यावेत, नशीब काढलं तर? वाद झाला. पुढचे दोन आठवडे ताई आमच्याशी बोलल्या नाहीत. हे सांगायला नको वाटतं, पण सांगतो, कारण कर्ज नाकारणंही गटाचंच काम आहे आणि त्याचा त्रास होतो.

मग आम्हीच त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, तुमच्या लेकीवर आमचा भरवसा आहे, म्हणून पैसे देतो. पण त्या माणसाला नाही, पोरीला. अठरा हजार रुपये मंजूर केले, नेहमीच्या व्याजानं, दीड वर्षाच्या हप्त्यानं. त्यातून चांगले बूट, एक किट, आणि निवड चाचण्यांना जळगावला जायचं-यायचं भाडं. अट एकच, बी.ए. पूर्ण करायचं. आणि एक गोष्ट कर्जाच्या बाहेर: प्रवासात तिच्याबरोबर दर वेळी गटातली एक बाई जाईल, पाळीनं.

आता उन्हाळा लागलाय. तिचं काय झालं ते खरं खरं सांगतो. गेल्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन ११.६ झालंय. जिल्ह्याच्या संघात ती निवडली गेली. राज्याच्या चाचणीत नाव आलं नाही. त्या दिवशी आमच्यातली जी बरोबर गेली होती, ती सांगत होती की येताना रेल्वेत पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली, बराच वेळ एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, त्या पोरींचा बॉल माझ्यापेक्षा हळू आहे, पण पडतो तिथंच जिथं त्यांना पाहिजे. मला ते शिकायचंय." दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर एक विटकर ठेवून ती बॉल टाकत होती. एक माणूस घेऊन, एक टप्पा धरून. बॉल विटकरीला लागला की आवाज गावात ऐकू येतो.

आमच्या मते तयारी म्हणतात ती हीच. "मी चांगली आहे" असं म्हणणारी पोर आधीच होती. आता "मला काय येत नाही" हे ती सांगू शकते.

लिलावात तिचं नाव कधी येईल? येईल की नाही, ते आम्हाला माहीत नाही. आलं तर सगळी गल्ली पुन्हा टीव्हीपुढे बसेल. नाही आलं तरी तिच्याकडे पदवी असेल, अंगात रक्त असेल, ट्रंकेत प्रमाणपत्रं असतील, आणि एकटीनं जळगावहून परत यायची हिंमत असेल. ताईंचे हप्ते वेळेवर येतायत. परवाच्या बैठकीत त्या स्वतःच म्हणाल्या, "बरं झालं, त्या माणसाला पैसे गेले नाहीत." त्या दिवशी आमच्यासाठी त्यांनी शेवभाजी करून आणली होती.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात अशी एखादी पोर असेल. कबड्डीत असेल, खो-खोत असेल, भाल्यात असेल. तिच्याकडे दोन माणसं येतील, एक म्हणेल खेळ सोड, लग्न कर, आणि एक म्हणेल शिक्षण सोड, लिलावात ये. दोघंही घाईत असतील. तुमच्या गटानं घाई करू नये. पंधरा दिवस मागावेत, पाच प्रश्न विचारावेत, आणि आधी पोरीचं ताट बघावं.

मोठी मायांनी शेवटी जे सांगितलं ते आमच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय. "पोर शिकी बी, खेयी बी. आपन फक्त तिले उपाशी ठेवानं नै."

धरणगावहून आमचा सगळ्यांचा नमस्कार.